यादवीतली रोजकीर्द



मराठीत 'यादवी' हा एक फार नेमका शब्द आहे. एकाच देशातली माणसं एकमेकांवर शस्त्र उचलतात तेव्हा आपण त्याला यादवी म्हणतो. प्रभासक्षेत्री यादवकुळातले लोक आपसात लढून संपले, ती आठवण या शब्दात साठवलेली आहे. इंग्रजीत यालाच 'सिव्हिल वॉर' म्हणतात. त्या शब्दात नागरिक दिसतात, नातलग दिसत नाहीत. आपल्या शब्दात मात्र चुलते आहेत, पुतणे आहेत, मेहुणे आहेत. एका अंगणात वाढलेली माणसं आहेत.

गंमत अशी की, तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका बाईची गोष्ट सांगायची तर मला इंग्रजी शब्दापेक्षा हा मराठी शब्दच जास्त उपयोगी पडतो. तिचं नाव एलेनॉर. लेस्टर परगण्याची ही काउंटेस, म्हणजे तिथल्या अर्लची, मोठ्या सरदाराची पत्नी. ती जॉन राजाची मुलगी, तिसऱ्या हेन्री राजाची धाकटी बहीण आणि त्याच हेन्रीला लढाईत कैद करणाऱ्या सायमन द मॉन्टफर्टची बायको. इंग्लंडच्या पुढच्या राजाची, पहिल्या एडवर्डची ती सख्खी आत्या. ही नाती एकदा नीट लक्षात घेतली की, पुढचं सगळं आपोआप कळतं.

एलेनॉरचा जन्म १२१५च्या सुमाराचा. त्याच वर्षी तिच्या बापाने, जॉनने, सरदारांच्या दबावाखाली 'मॅग्ना कार्टा' या प्रसिद्ध सनदेवर मोहोर उठवली. पुढच्याच वर्षी तो वारला. आईने थोड्याच काळात फ्रान्सची वाट धरली आणि तिकडे दुसरं लग्न केलं. मुलं इंग्लंडमध्ये राहिली. १२२४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, एलेनॉरचं लग्न विल्यम मार्शल या बड्या सरदाराशी लावून देण्यात आलं. तो तिच्याहून सुमारे पंचवीस वर्षांनी मोठा होता. १२३१ साली तो वारला आणि सोळा वर्षांची एलेनॉर विधवा झाली.

त्या दुःखाच्या भरात तिने आर्चबिशपसमोर शपथ घेतली की, आता पुन्हा लग्न करणार नाही, आयुष्य देवाच्या सेवेत घालवीन. सोळाव्या वर्षी घेतलेली ती शपथ! पुढे आयुष्यभर लोकांनी तिला तिची आठवण करून दिली.

विधवा झाल्यावर तिच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हक्काचा. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा विधवेला हयातीपर्यंत मिळत असे. मार्शल घराण्याच्या जमिनी इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये पसरलेल्या होत्या. पण दीर बायकोच्या वाट्याची जमीन सोडायला सहजी तयार होत नाहीत, ही गोष्ट काही फक्त आपल्याकडचीच नाही. अखेर वेल्स आणि आयर्लंडमधल्या जमिनींच्या बदल्यात वर्षाला ४०० पौंड, असा तोडगा निघाला. तो तिच्या वतीने मान्य केला तिच्या भावाने, हेन्री राजाने. तो वाटा आपल्या खऱ्या हक्काच्या मानाने फारच कमी आहे, असं एलेनॉर मरेपर्यंत म्हणत राहिली.

आमच्यात निकाहाच्या वेळी मेहर ठरतो. निकाहनाम्यात आकडा लिहिला जातो, साक्षीदार सह्या करतात. लिहिलेला आकडा आणि बाईच्या हातात पडलेली रक्कम यांत किती अंतर असतं, हे आमच्या घराघरातल्या बायकांना ठाऊक आहे. त्यामुळे सातशे-आठशे वर्षांपूर्वीची ही ख्रिस्ती राजकन्या आपल्या हक्काच्या पैशासाठी भावाशी भांडते आहे, हे वाचताना मला ती परकी वाटली नाही.

१२३८च्या जानेवारीत तिने शपथ मोडली. वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातल्या राजाच्या खाजगी प्रार्थनामंदिरात, गुपचूप, तिचं सायमन द मॉन्टफर्टशी लग्न झालं. सायमन फ्रान्समधल्या एका घराण्यातला धाकटा मुलगा. लेस्टरच्या जहागिरीवर हक्क सांगत तो इंग्लंडला आला होता आणि राजाच्या मर्जीत बसला होता. बहिणीचा हात राजानेच त्याच्या हातात दिला. बातमी फुटली तेव्हा दुसरा भाऊ, कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड, खवळला. आर्चबिशप रागावले. सायमन रोमला गेला आणि पोपकडून लग्नाला मान्यता घेऊन आला.

पण दीड वर्षातच राजाची मर्जी फिरली. १२३९च्या ऑगस्टमध्ये राणीच्या बाळंतपणानंतरच्या धार्मिक समारंभाला दोघं गेले, तेव्हा हेन्रीने सगळ्यांसमोर सायमनवर आरोप केला, 'लग्नाआधीच तू माझ्या बहिणीला नादी लावलंस.' त्याच रात्री नवराबायको होडीत बसून टेम्सच्या वाटेने निघाले आणि समुद्रापार गेले. भावाने बहिणीची अब्रू भर दरबारात काढली ती अशी. पुढे समेट झाला, येणंजाणं सुरू झालं. पण अशा गोष्टी माणूस विसरत नाही.

एलेनॉर काही मवाळ बाई नव्हती. अ‍ॅडम मार्श नावाचा एक फ्रान्सिस्कन साधू या कुटुंबाचा स्नेही होता. त्याने तिला लिहिलेली पत्रं आज उपलब्ध आहेत. रागाला आवर घाला, कपड्यालत्त्याचा बडेजाव कमी करा, नवऱ्याशी नमतं घ्या, असा उपदेश तो तिला करतो. उपदेश पुन्हापुन्हा करावा लागला, यावरून त्याचा किती उपयोग झाला ते समजावं!

तिच्या या स्वभावाने एकदा दोन राजांना ताटकळत ठेवलं. १२५९ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पॅरिसचा तह व्हायचा होता. नॉर्मंडी, आंजू वगैरे जे मुलूख जॉनच्या काळात इंग्लंडने गमावले, त्यांवरचा दावा हेन्रीने सोडायचा होता. फ्रान्सचा नववा लुई सावध. त्याने अट घातली की, राजाच्या भावाबहिणीनेही आपापला दावा सोडल्याचं लिहून द्यावं. रिचर्डने लिहून दिलं. एलेनॉर म्हणाली, आधी माझ्या वैधव्याच्या वाट्याचा निकाल लावा, मग मी लिहून देते.

आपल्याकडे कचेरीत बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतात. भाऊ म्हणतो, एवढी सही कर, माहेर तुटायला नको. बहुतेक बहिणी सही करतात. एलेनॉरने केली नाही. तह महिनोन्‌महिने रखडला. शेवटी हेन्रीला फ्रान्सकडून मिळायच्या रकमेपैकी १५,००० मार्क तिच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत लुईने राखून ठेवावेत, असं ठरलं तेव्हा कुठे तिने दावा सोडला. या हट्टाबद्दल इतिहासकारांनी पुढे तिला हावरी म्हटलं. आपला हक्क मागणाऱ्या पुरुषाला स्वाभिमानी म्हणतात. बाईने मागितला की शब्द बदलतो.

इकडे राज्यकारभारावरून सरदार आणि राजा यांच्यात ठिणगी पडलेलीच होती. राजाने मनमानी करू नये, सल्लागार मंडळाच्या विचाराने चालावं, अशी सरदारांची मागणी. सायमन त्यांचा पुढारी झाला. १४ मे १२६४ रोजी लुईस या गावी लढाई झाली आणि राजाचा पराभव झाला. हेन्री कैद झाला. भाऊ रिचर्ड एका पवनचक्कीत लपला होता, तोही पकडला गेला. भाचा एडवर्ड ओलीस राहिला. नवरा देशाचा कर्ता झाला आणि दोन्ही भाऊ नवऱ्याचे कैदी! एलेनॉरला त्या दिवशी आनंद झाला असेल की दुःख? बखरकार याबद्दल काही बोलत नाहीत.

१२६५च्या जानेवारीत सायमनने पार्लमेंट बोलावलं. त्यात परगण्यापरगण्यांतल्या सरदारांबरोबर शहरांचेही प्रतिनिधी बोलावले. त्यामुळे पार्लमेंटच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतलं जातं. पण तो संत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. १२३१ साली त्याने लेस्टरमधून ज्यूंना हाकलून दिलं होतं आणि १२६४ साली त्याच्या पक्षाच्या लोकांनी लंडनमधल्या ज्यूंची कत्तल केली. लोकांच्या हक्काची भाषा बोलणाऱ्यांच्या लेखी सगळेच 'लोक' नसतात, ही गोष्ट जुनीच आहे.

श्रोतेहो, इथपर्यंतचा इतिहास बखरींतून आणि सरकारी दप्तरांतून मिळतो. पण १२६५च्या फेब्रुवारीपासून आपल्याला एक वेगळाच कागद भेटतो. कागद म्हणजे खरं तर कातड्याची गुंडाळी. १९ फेब्रुवारी ते २९ ऑगस्ट १२६५, अशी सुमारे सहा महिन्यांची एलेनॉरच्या घरखर्चाची ही लॅटिनमधली नोंद आहे. आपल्या जुन्या मराठी दप्तरांतला शब्द वापरायचा तर ही तिची रोजकीर्द.

आज जेवायला कोण होतं, धान्य किती लागलं, दारू किती, मासळी किती, तबेल्यात घोडे किती, असा रोजचा हिशेब त्यात आहे. ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपवासात मांस वर्ज्य, तेव्हा हेरिंग मासे रोज शेकड्यांनी उडालेले दिसतात. गोरगरिबांना जेवू घातल्याच्या नोंदी आहेत. मिरी, सुंठ, केशर, साखर, तांदूळ यांची खरेदी आहे. मिरी म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची, मलबारची. अरबांच्या गलबतांतून, इटलीच्या व्यापाऱ्यांच्या हातून ती इंग्लंडच्या गढीत पोचत असे. पेट्रोनिला नावाच्या धोबिणीला दिलेली मजुरी त्यात आहे. धाकटी मुलगी, तिचंही नाव एलेनॉर, तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकासाठी घेतलेलं चर्मपत्र आहे.

आणि जासूद आहेत. युद्धाच्या काळात घरोघर निरोप पोचवणारे हे गडी. त्यांची टोपणनावं हिशेबनिसाने तशीच लिहून ठेवली आहेत. एकाचं नाव गोबिथेस्टी, म्हणजे 'झटपट जा'. दुसरा स्लिंगअवे, भिरकावल्यासारखा सुटणारा. तिसरा ट्रूबॉडी, म्हणजे भरवशाचा गडी. कुठल्याही बखरीत यांची नावं यायचं कारण नव्हतं. ती आली ती चार पैसे मजुरी दिली म्हणून!

या रोजकीर्दीतल्या एका नोंदीपाशी मी पुष्कळ वेळ थांबले. रिचर्ड, म्हणजे पवनचक्कीत सापडलेला भाऊ, तेव्हा केनिलवर्थच्या किल्ल्यात कैद होता. तो किल्ला तिच्या नवऱ्याचा. एलेनॉरने या भावासाठी कपडे आणि मसाल्याचे जिन्नस पाठवले. बदाम, तांदूळ, मिरी, दालचिनी, साखर. हा तोच भाऊ, जो तिच्या लग्नावर चिडला होता. नवऱ्याने त्याला कैदेत ठेवलं आणि तिने त्याच्या जेवणाची चव सांभाळली. तिने कोणाची बाजू घेतली, असं कोणी विचारलं तर मी या नोंदीकडे बोट दाखवीन. राजकारणात ती नवऱ्याच्या बाजूला ठाम उभी होती. पण भावाची बहीण असण्याचा राजीनामा तिने दिला नव्हता.

मार्चमध्ये सायमन ओडिअमच्या गढीवर तिला भेटायला आला. त्या दिवसांत धान्याचे आणि घोड्यांच्या दाण्याचे आकडे एकदम वाढतात. दोन आठवडे गढी गजबजलेली. एप्रिलच्या सुरुवातीला तो गेला आणि आकडे खाली आले. नवराबायकोची ही शेवटची भेट. हिशेबनिसाला ते ठाऊक नव्हतं. त्याने फक्त घोडे मोजले.

मेच्या अखेरीस एडवर्ड पहाऱ्यातून निसटला आणि वारं फिरलं. बातमी पोचताच १ जूनला एलेनॉरने ओडिअम सोडलं. डॉब नावाच्या एका मेंढपाळाने वाट दाखवली, त्याचीही मजुरी लिहिलेली आहे. दक्षिण किनाऱ्याने प्रवास करत जूनच्या मध्यावर ती डोव्हरच्या किल्ल्यात पोचली. डोव्हर म्हणजे फ्रान्सकडे उघडणारं इंग्लंडचं दार. तिथे तिने काय केलं? आसपासच्या बंदरांतल्या पुढाऱ्यांना जेवायला बोलावलं. विंचेल्सीचे, सँडविचचे नागरिक तिच्या पंक्तीला बसले. ती बंदरं सायमनच्या बाजूला राहणं गरजेचं होतं, कारण जहाजं त्यांच्याकडे होती. रोजकीर्दीत हा खर्च स्वयंपाकघराच्या खात्यावर पडला आहे. खरं तर तो युद्धखर्च होता.

४ ऑगस्ट १२६५ रोजी ईव्हशॅमला लढाई झाली. सायमन आणि थोरला मुलगा हेन्री दोघंही मारले गेले. विजयी पक्षाने सायमनच्या प्रेताची विटंबना केली. हातपाय तोडले आणि शीर कापून एका शत्रू सरदाराच्या बायकोकडे भेट म्हणून पाठवलं. विजयी सेना एडवर्डची होती, एलेनॉरच्या भाच्याची.

या दिवसांतली रोजकीर्द रडत नाही. पण बातमी पोचल्यानंतर काही दिवस एलेनॉर पंक्तीला आलेली दिसत नाही. सुतकाच्या कपड्यांचा खर्च दिसतो. नवऱ्याच्या आत्म्यासाठी केलेला दानधर्म दिसतो. स्वयंपाक मात्र रोज झाला, कारण किल्ल्यात माणसं होती आणि त्यांना भूक होती. २९ ऑगस्टला नोंदी थांबतात.

पन्नाशीची विधवा, हरलेला पक्ष. अशा वेळी कोणी हाती लागेल ते घेऊन पळालं असतं. एलेनॉरने किल्ला आणखी दोन महिने धरून ठेवला. आधी अमॉरी आणि रिचर्ड या मुलांना फ्रान्सला रवाना केलं. ऑक्टोबरमध्ये किल्ल्यातल्या कैद्यांनी आतून उठाव करून बुरूज ताब्यात घेतला आणि बाहेरून एडवर्ड चालून आला. तेव्हा तिने बोलणी केली. मागणी काय केली? माझ्या पदरच्या माणसांना त्यांच्या जमिनी परत द्या, त्यांच्यावर सूड नको. आत्याचं हे मागणं एडवर्डने मानलं. तिच्या माणसांना त्यांच्या जमिनी परत मिळाव्यात, असं त्याने लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. आणि कैदेतून सुटलेला भाऊ रिचर्ड? त्याने सप्टेंबरमध्येच लिहून दिलं होतं की, मी एलेनॉरचा आणि तिच्या मुलांचा स्नेही राहीन. कैदेत पोचलेली ती मिरी आणि साखर त्याला आठवली असेल का, कोण जाणे. मला वाटतं, आठवली असावी.

ऑक्टोबरच्या अखेरीस ती समुद्र ओलांडून फ्रान्सला गेली. माँतार्जी या गावी तिच्या नणंदेने स्थापन केलेला जोगिणींचा मठ होता. तिथे तिने आसरा घेतला. सोळाव्या वर्षी धरलेली आणि पुढे मोडलेली वाट पन्नाशीत पुन्हा तिच्यापुढे आली म्हणायची.

यादवीचं विष मात्र उतरलं नव्हतं. १२७१ साली इटलीतल्या व्हितेर्बो गावी तिच्या गाय आणि सायमन या मुलांनी प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये शिरून आपल्या मामेभावाला ठार मारलं. बापाचा सूड म्हणून. मारलेला तरुण रिचर्डचा मुलगा होता. ज्या भावाला तिने कैदेत मसाले पाठवले, त्याचाच. दांतेने आपल्या महाकाव्यात गायला नरकात टाकलं आहे. आईचं काय झालं असेल, ते लिहायला मात्र कोणी कवी पुढे आला नाही.

१२७३ साली राजा झालेला एडवर्ड धर्मयुद्धाहून परतत होता. फ्रान्समध्ये त्याने आत्याला कर्जाऊ रक्कम दिली आणि तिच्या दाव्याची सुनावणी घेण्याची तयारी दाखवली. म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनंतरही ती पहिल्या नवऱ्याच्या वाट्याचा पाठपुरावा करतच होती! १३ एप्रिल १२७५ रोजी ती माँतार्जीला वारली. दावा तिच्या हयातीत पुरता निकाली निघाला नाही. तिची मुलगी वेल्सच्या राजपुत्राकडे लग्नासाठी निघाली असता एडवर्डच्या माणसांनी तिला समुद्रात पकडलं. जवळजवळ तीन वर्षं कैदेत ठेवून १२७८ साली मग एडवर्डने स्वतः हजर राहून तिचं लग्न लावून दिलं. १२८२ साली ती बाळंतपणात वारली. तिची तान्ही मुलगी ग्वेन्लियन हिला एडवर्डने इंग्लंडमधल्या मठात ठेवलं. १३३७ साली ती तिथेच वारली. तीन पिढ्यांच्या तीन बायका, आणि तिघींच्या वाट्याला पुरुषांचं युद्ध आलं.

ती रोजकीर्द कशी वाचली, तेही सांगते. एलेनॉर ती आपल्याबरोबर माँतार्जीला घेऊन गेली. पाचशेहून अधिक वर्षं ती मठात पडून होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत कोणाच्या तरी नजरेस पडली, पुढे ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली आणि १८४१ साली छापली गेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

देश सोडून जाताना माणूस सोनंनाणं नेईल, देवाची मूर्ती किंवा धर्मग्रंथ नेईल. जुन्या खर्चाची वही कशाला? कदाचित कोणाचं देणं राहिलं असेल. कदाचित हिशेब दाखवायची वेळ येईल, असं वाटलं असेल. आयुष्यभर जिला तिचा वाटा पुरता मिळाला नाही, तिने दुसऱ्याला दिलेल्या पैशापैशाची नोंद जपून ठेवली.

तेव्हा श्रोतेहो, इतिहासात बायका नाहीत असं कोणी म्हणालं, तर त्यांना विचारा, तुम्ही शोधलंत कुठे? बखरीत असतात लढाया आणि राजे. बायका असतात रोजकीर्दीत. आपल्याकडेही पेशवे दप्तरात आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अशा कितीतरी वह्या मोडी लिपीत पडून आहेत. त्यांत धोबीण असेल, सुईण असेल, निरोप घेऊन धावलेला जासूद असेल. आणि भावाभावांत तलवारी उपसलेल्या असताना कैदेतल्या भावाला डबा पाठवणारी एखादी बहीणही असेल. त्या वह्या वाळवीने खाण्याआधी कोणीतरी वाचायला हव्यात. मोडी शिकायला फार दिवस लागत नाहीत.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)